गावातल्या बाललसीकरणाचं मूल्यमापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, गावच्या आरोग्य समितीतली मंडळी, संस्थांचे कार्यकर्ते आणि परिचारिका प्रशिक्षणातल्या विद्यार्थिनी हे प्रश्न सतत विचारतात. उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. वेळापत्रक मात्र राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाचंच आहे.

१. टक्केवारी तर आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहिलेलीच असते. मग मूल्यमापन आणखी कशाचं करायचं?

फलकावर दोनच आकडे असतात : उद्दिष्ट किती आणि डोस किती दिले. डोस कुणाला मिळाले, वेळेवर मिळाले का, टोचताना लस चांगली होती का आणि मुळात यादीतच नसलेली मुलं किती, यातलं काहीही त्यातून कळत नाही. त्यासाठी तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात : उपकेंद्राचं रजिस्टर किंवा यू-विनवरची (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंदणी) नोंद, आईजवळचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि प्रत्यक्ष घरातलं मूल. तिन्ही जुळली तर टक्केवारीची गरजही फारशी उरत नाही. जुळली नाहीत, तर ती कुठे जुळत नाहीत हाच तुमचा निष्कर्ष.

२. 'पूर्ण लसीकरण' झालेलं मूल कोणतं?

पहिल्या वाढदिवसाच्या आत बीसीजीचा एक, तोंडी पोलिओचे तीन (जन्माच्या वेळचा शून्य डोस सोडून), पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरची एकत्रित लस, पुढे 'पेंटा') तीन आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस मिळालेलं मूल. जुन्या सर्वेक्षणांशी तुलना करायची असेल तर हीच व्याख्या धरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांमधलं हे प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५-१६) ६२ टक्के होतं, ते पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७६.४ टक्के झालं.

पण आजचं वेळापत्रक याहून मोठं आहे. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, तोंडी पोलिओ, रोटा (जुलाबाविरुद्धची लस). सहा आणि चौदा आठवड्यांना त्वचेत टोचायचा पोलिओचा अंशतः डोस आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धची) लस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओचा तिसरा अंशतः डोस (हा जानेवारी २०२३पासून) आणि सोबत जीवनसत्त्व अ. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी (डीपीटी) आणि पोलिओचा बूस्टर. जपानी मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच दिली जाते.

अहवालात कोणती व्याख्या धरली ते पहिल्याच पानावर लिहा. एकाच गावाचा आकडा जुन्या व्याख्येने एक आणि नव्या यादीने दुसराच येतो, आणि मग बैठकीत लसीकरण बाजूला राहून आकड्यांवरून भांडण होतं.

३. आमच्या उपकेंद्रात १०४ टक्के लसीकरण झालंय. शंभरावर टक्के कसे?

छेद चुकला की असं होतं. उद्दिष्ट बहुधा लोकसंख्या आणि जन्मदर यांच्यावरून काढतात. समजा उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० आणि जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला ७५ बाळं. गोवर-रुबेलाचे डोस दिले ७८. झाले १०४ टक्के.

आता घरोघरी जाऊन मोजलं तर गावात राहणारी बाळं निघाली ८८, कारण गावाबाहेर नवी वस्ती झाली आहे. ती २०११च्या जनगणनेत नव्हती आणि तिच्यावरून पुढे वाढवत आणलेल्या आकड्यातही नाही. ७८ डोसांपैकी ११ डोस माहेरी आलेल्या मुलींच्या बाळांचे आणि शेजारच्या गावातून आलेल्या मुलांचे. म्हणजे गावातल्या ८८ बाळांपैकी ६७ जणांनाच लस मिळाली : ७६ टक्के. एकवीस मुलं राहिली, आणि फलक सांगतो की तीन जास्त झाली.

यात कुणी खोटं लिहिलेलं असेलच असं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना की तीन महिने तिकडेच, मग सासरी : आपल्याकडच्या या रीतीमुळे बीसीजी एका तालुक्यात, पेंटा दुसऱ्यात आणि गोवरची लस तिसरीकडेच असं सर्रास होतं. डोस मिळालेलं प्रत्येक मूल कुठेतरी मोजलं जातं, पण राहिलेलं मूल दोन्ही गावांच्या यादीबाहेर पडू शकतं.

४. मग खरा छेद कसा काढायचा?

बाळं नावानिशी मोजायची, दुसरा उपाय नाही. चार याद्या गोळा करा : आशाताईंची घरभेटीची वही, अंगणवाडीतलं बालकांचं रजिस्टर, ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि आरोग्यसेविकेकडची गरोदर मातांची नोंद. शेवटची यादी लोक विसरतात. सात-आठ महिन्यांपूर्वी नोंदवलेल्या मातेचं बाळ आज कुठल्याच यादीत नसेल, तर ती माहेरी गेली, बाळ दगावलं किंवा नोंदच राहिली, यापैकी काहीतरी घडलंय.

चारही याद्या आईच्या नावावरून आणि जन्मतारखेवरून जुळवा. बाळाच्या नावावर जाऊ नका. बारशाआधी रजिस्टरात 'बेबी ऑफ' असतं, घरी तिसरंच नाव असतं. मग गावात फिरा. मुख्य गावठाण सगळ्यांनी मोजलेलं असतं. सुटतात त्या शेतवस्त्या, गावाच्या शिवेवरचा पाडा (दोन्ही उपकेंद्रांना तो दुसऱ्याचा वाटतो), वीटभट्टी, पोल्ट्रीवरची कामगार कुटुंबं, मेंढपाळांचे वाडे आणि रस्त्याच्या किंवा धरणाच्या कामावरच्या झोपड्या. या जागा सूक्ष्म नियोजनाच्या (कोणत्या वस्तीत लसीकरणाचं सत्र कधी, याचा उपकेंद्राचा आराखडा) नकाशावर आहेत का, हे सगळ्यात आधी तपासा. नकाशात नसलेल्या वस्तीत सत्र होत नाही.

५. गळती कशी काढतात? किती असली की काळजी करायची?

पहिला पेंटा घेतलेल्या मुलांतून तिसरा घेतलेली वजा करा, पहिल्याच्या संख्येने भागा, शंभराने गुणा. पहिला पेंटा ८०, तिसरा ६८ : गळती १५ टक्के. दहाच्या वर गेली की कारण शोधायला लागायचं. बीसीजी ते गोवर-रुबेला अशीही गळती काढतात, पण बीसीजी प्रसूतीच्या दवाखान्यातच दिली जाते. त्यामुळे ग्रामीण रुग्णालय असलेल्या गावात ती गळती फुगलेली दिसते. गावपातळीवर पेंटाचा हिशेब जास्त भरवशाचा.

पहिला पेंटाच कमी असेल तर अडचण पोहोचण्याची आहे : सत्र लांब, वस्ती यादीत नाही, घरच्यांचा विरोध. पहिला पेंटा भरपूर आणि तिसरा कमी, तर लोक येऊन गेले होते आणि मग थांबले : पुढची तारीख कुणी सांगितली नाही, ताप आला आणि घाबरले, सत्र रद्द झालं, मजुरी बुडाली. ज्या मुलाला पहिला पेंटाही मिळालेला नाही ते 'शून्य-डोस' मूल. त्याची यादी वेगळीच करा. अशी मुलं बहुधा एकाच वस्तीत सापडतात.

गळती उणे आली, म्हणजे तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त, तर आनंदू नका. बाहेरून आलेली बाळं मोजली गेली आहेत (प्रश्न ३) किंवा नोंदीत घोळ आहे. आणि एका महिन्याच्या आकड्यावरून गळती काढू नका. त्या महिन्यात पहिला आणि तिसरा डोस घेणारी मुलं वेगळी असतात. निदान वर्षभराची बेरीज घ्या.

६. सर्वेक्षणात १२ ते २३ महिन्यांचीच मुलं का घेतात?

वर्ष पूर्ण झालंय, म्हणजे पहिल्या वर्षाचे सगळे डोस व्हायला हवे होते. आणि फार दिवस झालेले नाहीत, म्हणून कार्ड सापडण्याची, आईला आठवण्याची शक्यता जास्त. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर तपासायचे असतील तर २४ ते ३५ महिन्यांचा गट वेगळा घ्या.

७. किती मुलं तपासली म्हणजे पुरे?

दीड हजार वस्तीच्या गावात या वयाची वीस-बावीस मुलं असतील. तिथे नमुना कसला काढता, सगळीच तपासा. दोन दिवसांचं काम आहे.

संपूर्ण प्राथमिक आरोग्य केंद्राचा (सपाट भागात साधारण ३०,००० लोकसंख्या, आदिवासी व डोंगराळ भागात २०,०००) अंदाज हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची जुनी पद्धत म्हणजे ३० समूह, प्रत्येकी ७ मुलं, एकूण २१०. सगळ्या गावांची आणि पाड्यांची यादी करा, लोकसंख्या एकाखाली एक मिळवत न्या. ३०,०००ला ३०ने भागलं की अंतर आलं १,०००. एक ते हजारमधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ४१७. मग ४१७, १४१७, २४१७ असे आकडे ज्या गावाच्या बेरजेत पडतील ती गावं घ्यायची. मोठ्या गावात दोन आकडे पडले तर तिथे दोन समूह. या नमुन्यातून येणारा आकडा दहा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असू शकतो, त्यामुळे त्यावरून 'अमुक गाव ढमुक गावापेक्षा मागे' असं ठरवता येत नाही. सात मुलांवरून एका गावाची टक्केवारी काढणं हा सर्रास होणारा गुन्हा आहे.

फक्त 'हे उपकेंद्र ठीक की नाही' एवढंच ठरवायचं असेल तर १९ मुलं चिठ्ठीने निवडा. अपेक्षा ८० टक्क्यांची असेल तर १३ किंवा जास्त मुलांचं लसीकरण पूर्ण असायला हवं. बारा किंवा कमी निघाली तर त्या उपकेंद्राकडे लक्ष द्यायचं. टक्केवारी मात्र यातून सांगायची नाही.

घर निवडताना नेहमी होणारी चूक : गाडी जिथे थांबते, तिथल्या चावडीजवळच्या घरांपासून सुरुवात आणि सात मुलं भरली की चहा. ती घरं आशाताईंच्या रोजच्या वाटेवरची असतात, आकडा नव्वदच्या घरातच येणार. त्याऐवजी आधी घरांची यादी करून चिठ्ठी काढा. कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊ नका, 'बंद' लिहा आणि संध्याकाळी पुन्हा जा. शेतावर जाणारी बाई साडेअकराला घरी सापडत नाही.

८. कार्ड सापडत नाही. आईच्या आठवणीवर भिस्त ठेवावी का?

ठेवावी, पण वेगळ्या रकान्यात. आधी कार्ड नीट शोधायला लावा : रेशनकार्डाच्या पिशवीत, बँकेच्या पासबुकात, माहेरी, अंगणवाडीत. मग आरोग्यसेविकेकडचा अर्धा भाग (काउंटरफॉईल) किंवा यू-विनवरची नोंद पाहा. दोन्ही नसतील तरच आठवण.

'सगळे डोस झाले का?' असं विचारलंत तर उत्तर 'हो' येणारच. जागा आणि वय सांगून विचारा. डाव्या दंडावर वण आहे का (तो स्वतः पाहा; पण वण नसला म्हणजे बीसीजी दिलीच नाही असं नाही, काही मुलांना वण उठत नाही). दीड महिन्याचं असताना मांडीला टोचलं होतं का, किती वेळा, ताप आला होता का. रांगायला लागल्यावर उजव्या दंडाला टोचलं का. पोलिओ रविवारचे थेंब आणि नियमित डोसांचे थेंब आया एकत्र धरतात, म्हणून थेंब टोचण्यासोबत दिले होते की नुसतेच घरी किंवा बूथवर, हे विचारा. अहवालात 'कार्डावरून' आणि 'आठवणीवरून' असे दोन आकडे द्या. आठवणीचा वाटा मोठा असेल तर कार्ड सांभाळलं जात नाही, हाही एक निष्कर्षच.

९. कार्डावर सगळे रकाने भरलेले आहेत. मग झालं ना?

तारखा वाचा. बाळ ५ मार्चला जन्मलं असेल तर सहा आठवडे १६ एप्रिलला पूर्ण होतात. त्याआधी दिलेला पहिला पेंटा वैध धरता येत नाही. दोन पेंटांत किमान चार आठवड्यांचं अंतर हवं, म्हणजे दुसरा १४ मेच्या आधी नाही. गोवर-रुबेला नऊ महिने पुरे झाल्यावर, म्हणजे ५ डिसेंबरपासून. नोव्हेंबरच्या सत्रात 'पुढच्या वेळी येणार नाहीत, देऊन टाकू' म्हणून दिलेला डोस आईपासून आलेल्या प्रतिपिंडांमुळे वाया जाऊ शकतो. तो 'दिला' म्हणून मोजा, 'वैध' म्हणून नको.

काही खुणा पाहिल्या की थांबून विचारावं : पाच तारखा एकाच पेनाने, एकाच हाताच्या, एकाच ओघात लिहिलेल्या. सत्र मंगळवारी होतं आणि तारीख रविवारची आहे. पेन्सिलने लिहिलेली 'पुढील तारीख' नंतर कुणीतरी शाईने गिरवलेली. जुनं कार्ड भिजलं म्हणून नव्यावर उतरवून घेतलेलं असेल तर एकाच पेनात असणं स्वाभाविक आहे, म्हणून आधी आईला विचारा, मग रजिस्टर उघडा. आरोपाची भाषा लगेच नको.

१०. सत्राच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन काय पाहायचं?

ठरलेलं सत्र झालं का, हेच पहिलं. सूक्ष्म नियोजनातली वर्षाची सत्रं आणि प्रत्यक्ष झालेली सत्रं यांची पडताळणी करा, विशेषतः पावसाळ्यातली. भामरागडसारख्या तालुक्यात नद्यांना पूर आला की गावं तुटतात. जुलै ते सप्टेंबरची हुकलेली सत्रं ऑक्टोबरमध्ये भरून काढली का, हे विचारलं पाहिजे.

मग कॅरिअर (लस थंड ठेवून नेण्याची पेटी) उघडा. चार आइसपॅक हवेत, आणि कानाजवळ हलवले की आत पाण्याचा आवाज यायला हवा. बाटल्या प्लॅस्टिकच्या झिप पिशवीत. प्रत्येक बाटलीवरचा व्हीव्हीएम (उष्णता लागली की रंग बदलणारी खूण) पाहा : आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर चालेल, सारखा किंवा गडद झाला तर ती बाटली बाजूला. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या पावडरीत द्रावण मिसळल्याची वेळ बाटलीवर लिहिलेली हवी, चार तासांनंतर ती वापरायची नाही. द्रावण त्याच उत्पादकाचं आणि तितकंच थंड हवं. सुई टोचल्यावर लगेच हब कटरमध्ये तोडली जाते की टेबलावर ढीग साचतो?

शेवटी आईकडे लक्ष द्या. आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवा : या चार गोष्टी तिला सांगितल्या का? बाहेर पडणाऱ्या आईला 'पुढच्या वेळी कधी यायचं?' एवढंच विचारा. दहापैकी चौघींनाच सांगता आलं तर गळतीचं कारण तुम्हाला तिथेच मिळालं. टोचल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवतात का, तेही बघा. कोपऱ्यात सतरंजी आणि प्यायचं पाणी नसेल तर कुणी बसत नाही.

११. कॅरिअरमध्ये जास्त बर्फ टाकला तर चांगलंच ना? लस थंड राहील.

नाही. उन्हापेक्षा हीच चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही. पेंटा, हिपॅटायटिस बी, त्रिगुणी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस), न्यूमोकोकल, टोचायचा पोलिओ या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. व्हीव्हीएम उष्णतेची खूण दाखवतो, गोठल्याची नाही. थेट डीप फ्रीझरमधून काढलेले टणक आइसपॅक लगेच कॅरिअरमध्ये घातले की सकाळच्या पहिल्या तासातच बाटली गोठू शकते. म्हणून आइसपॅक बाहेर ठेवून थोडे वितळू द्यायचे, ते 'कंडिशनिंग'.

आरोग्य केंद्रातल्या आयएलआरचं (लसी ठेवण्याचा खास फ्रिज) तापमान अधिक २ ते अधिक ८ अंशांच्या आत हवं, दिवसातून दोनदा नोंदलेलं. रजिस्टरात महिनाभर सकाळ-संध्याकाळ सरळ '४' लिहिलेलं असेल तर थर्मामीटर कुणी पाहिलेलाच नाही. गोठणाऱ्या लसी तळाला नकोत, टोपलीत हव्यात.

शंका असेल तर शेक टेस्ट : त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम पूर्ण गोठवून वितळू द्यायची, तिच्यावर खूण करायची. ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून सपाट जागी ठेवायच्या. अर्ध्या तासात संशयित बाटलीत गाळ खूण केलेल्या बाटलीइतक्याच वेगाने बसला तर ती फेकायची. ही चाचणी टोचायच्या पोलिओला लागू नाही. तो गोठल्याची शंका आली तरी टाकूनच द्यावा.

१२. लस वाया जाणं म्हणजे ढिलाई का?

प्रत्येक वेळी नाही. नासाडीचं गणित : वापरलेल्या डोसांतून टोचलेली मुलं वजा, भागिले वापरलेले डोस. बीसीजीची बाटली दहा डोसांची आणि पाड्यावर दोनच बाळं. उघडली तर आठ डोस गेले, न उघडली तर दोन बाळं राहिली. बाळं राहणं महाग. 'दहा जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही' असं तोंडी सांगितलं जात असेल तर ते अहवालात ठळक लिहा. त्यामुळे आई दोनदा परत जाते, तिसऱ्यांदा येत नाही.

पेंटा, तोंडी पोलिओ, टीडी अशा लसींच्या उघडलेल्या बाटल्या ठरलेल्या अटी पाळून २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रात वापरता येतात. तिथे नासाडी दहा टक्क्यांच्या वर गेली तर कारण विचारा. उलट, छोट्या पाड्यावर बीसीजी आणि गोवर-रुबेलाची नासाडी शून्य दाखवली असेल तर एक तर मुलं परत पाठवली आहेत, नाहीतर नोंद घरी बसून केली आहे. टोचलेली मुलं वापरलेल्या डोसांपेक्षा जास्त निघाली तर कागदावरच लस दिली, यात शंका उरत नाही.

१३. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं कुणाच्या खात्यात धरायची?

बीड आणि आसपासच्या भागातले कोयते (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) दसरा-दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात जातात, आणि कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या बाळाचे पेंटाचे तिन्ही डोस नेमके या काळात येतात. मूळ गाव म्हणतं 'स्थलांतरित', कारखान्याकडचं गाव म्हणतं 'आमची नाहीत'.

सर्वेक्षणापुरता नियम सोपा ठेवा : त्या दिवशी मूल जिथे राहतंय तिथे ते मोजा, मूळ गावही लिहून घ्या. कार्यक्रमाचं मूल्यमापन करताना मात्र दोन्ही टोकांना वेगळे प्रश्न विचारावे लागतात. मूळ गावात : जाण्यापूर्वी यादी झाली का, बाळाचं कार्ड सोबत दिलं का, जायच्या आधी जेवढे डोस बसतात तेवढे दिले का. कारखान्याकडे : तोडीच्या फडाजवळच्या कोप्यांवर सत्र लावलं का, मुकादमाकडून कुटुंबांची यादी घेतली का, सत्राची वेळ मजूर परतल्यावरची होती का. पहाटे फडात गेलेली बाई सकाळी दहाला अंगणवाडीत येऊ शकत नाही. यू-विनवर मोबाइल नंबरवरून दुसऱ्या गावातही नोंद उघडता येते, पण नंबर बदललेला असतो, म्हणून कागदी कार्ड सुटता कामा नये.

मेळघाट आणि सातपुड्यात हाच हिशेब होळीला लावा. कामासाठी बाहेर गेलेली आदिवासी कुटुंबं होळीला हमखास गावी येतात. त्या आठवड्यात जादा सत्र लावलं होतं का, एवढा एक प्रश्न पुरेसा बोलका आहे.

१४. लस न घेण्याची कारणं कशी विचारायची?

'का नाही दिली?' असं विचारलं की आईला आपण गुन्हेगार वाटतो, मग 'विसरले' हे उत्तर येतं. 'शेवटचा डोस दिला त्या दिवशी काय काय झालं?' इथून सुरुवात करा. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहा, वर्गवारी घरी येऊन करा : माहितीच नव्हती, ताप-सुजेची भीती, वेळ किंवा अंतर, घरातल्या मोठ्यांचा नकार, किंवा गेलो होतो पण परत पाठवलं. शेवटचा गट कुटुंबाच्या माथी मारू नका. सर्दी, साधा ताप किंवा किरकोळ जुलाब आहेत म्हणून बाळाला परत पाठवणं चूक आहे. एवढ्यासाठी लस थांबवायची नसते.

पेंटानंतर ताप येणं, मांडी दुखणं नेहमीचंच. म्हणून ज्या केंद्राच्या रजिस्टरात वर्षभर लसीकरणानंतरच्या त्रासाची एकही नोंद नाही, तिथे त्रास होत नाही असं समजू नका. तिथे लिहिला जात नाही.

१५. मूल उशिरा सापडलं. त्याला कोणते डोस मिळू शकतात, आणि ते मूल्यमापनात कसं धरायचं?

राहिलेले डोस पहिल्यापासून सुरू करायचे नसतात, जिथे थांबले तिथून पुढे. बीसीजी एक वर्षापर्यंत. पेंटा आणि रोटाचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू झालेला हवा. पेंटा सुरूच झाला नसेल तर वर्षानंतर त्रिगुणी, ती सात वर्षांपर्यंत. तोंडी पोलिओ आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. हिपॅटायटिस बीचा जन्मडोस मात्र २४ तासांनंतर गेला तो गेला. अशा मुलाचा नेमका क्रम वैद्यकीय अधिकारी ठरवतील.

मूल्यमापनात दोन रकाने करा : 'वर्षाच्या आत पूर्ण' आणि 'उशिरा पूर्ण'. दुसऱ्याला शून्य समजू नका. फरक मोठा असेल तर लोकांना लस हवी आहे, ती वेळेवर पोहोचत नाही, असा अर्थ होतो.

१६. गावात गोवर आला आणि आजारी मुलांपैकी निम्म्यांहून अधिकांना लस दिलेली होती. लस फसली का?

हिशेब करून पाहा. हजार मुलं, त्यांतल्या ९०० जणांना नऊ महिन्यांचा एक डोस. त्या वयात एका डोसाने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं. म्हणजे ९००पैकी १३५ लस घेऊनही असुरक्षित, आणि लस न घेतलेली १०० असुरक्षित. गोवर सगळ्यांपर्यंत पोहोचला तर आजारी २३५, त्यांत लस घेतलेली १३५ : सत्तावन्न टक्के. तरी लस न घेतलेल्यांतलं प्रत्येक मूल आजारी पडलं आणि घेतलेल्यांतलं सातातलं एकच. दुसऱ्या डोसाची गरज याच १३५ मुलांसाठी आहे.

मात्र लस घेतलेल्यांत आजाराचं प्रमाण सातात एकापेक्षा बरंच जास्त निघालं तर प्रश्न ९ (फार लवकर दिलेले किंवा कागदावरचे डोस) आणि प्रश्न १० (मिसळल्यानंतर चार तास उलटलेली लस) तपासा.

१७. सर्वेक्षणात ७८ टक्के, दफ्तरी ९६. कुणाचं खरं?

आधी दोघांचा छेद, वयोगट आणि व्याख्या एकच आहे का पाहा. निम्मी तफावत तिथेच मिटते. मग सर्वेक्षणात 'अपूर्ण' निघालेली मुलं नावानिशी रजिस्टरात शोधा. रजिस्टरात आहेत आणि कार्डावर नाहीत, तर आईसमोर पुन्हा विचारा. रजिस्टरातही नाहीत, तर ती मुलं यादीतूनच निसटली होती. उलट बाजूनेही करा : रजिस्टरातून वीस नावं चिठ्ठीने काढा आणि घरं गाठा. दोन-तीन घरं किंवा मुलं अस्तित्वातच नसतील तर पुढचा प्रश्न तुमचा राहत नाही, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा होतो.

१८. परवानगी कुणाची लागते, आणि निष्कर्ष कुणापुढे ठेवायचे?

सुरुवातीलाच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा, ग्रामपंचायतीला पत्र द्या, प्रत्येक घरात आईची संमती घ्या. रजिस्टरचे फोटो काढून गटावर टाकू नका, त्यात लोकांचे नंबर आणि आजार असतात.

राहिलेल्या मुलांची नावं फक्त आरोग्यसेविका आणि आशाताईंना द्या. ग्रामसभेत आकडे मांडा, नावं नाहीत. आणि आकडा मांडताना सगळा दोष आशाताईंवर येणार नाही असं पाहा. त्या मानधनावर काम करतात, सत्र रद्द करणं किंवा बाटली न फोडण्याचा आदेश देणं त्यांच्या हातात नसतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबतच्या बैठकीत प्रत्येक राहिलेल्या मुलापुढे तीन रकाने ठेवा : कारण, कोण भेटणार, कोणत्या तारखेच्या सत्रात. तीन महिन्यांनी तीच यादी घेऊन त्याच घरांत जा आणि कार्डावरच्या नव्या तारखा उतरवून घ्या.